वर्षाचा रंग आणि भिंतीची भाषा

वर्षाचा रंग सांगण्याची एक जुनी रीत आपल्याकडे आहे. पंचांगात संक्रांतीचे फल दिलेले असते. ती कोणत्या वाहनावर बसून येत आहे, कोणत्या दिशेस पाहत आहे, हाती काय धरले आहे आणि कोणत्या रंगाचे वस्त्र नेसली आहे, हे सारे त्यात असते. संक्रांतीने जो रंग नेसला त्या रंगाची साडी त्या वर्षी घेऊ नये, असे घरातल्या वडीलधाऱ्या बायका सांगत आणि पुष्कळ घरांत ते पाळले जाई. रंगउद्योगाची संक्रांतही आता दर वर्षी येते. बहुधा वर्षअखेरीस, येणाऱ्या वर्षाचा रंग घेऊन. फरक इतकाच की तिने नेसलेला रंग वर्ज्य नसतो. तो घरोघरी भिंतींवर, पडद्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर यावा अशी अपेक्षा असते.

या प्रथेतील सर्वांत ठळक नाव पॅन्टोनचे. ही मूळची अमेरिकेतील छपाईच्या व्यवसायातली कंपनी. १९६३ मध्ये तिने रंगांना क्रमांक देण्याची पद्धत आणली. दोन शहरांतले दोन छापखाने 'लाल' म्हणताना एकाच लाल रंगाविषयी बोलत आहेत याची खात्री व्हावी, हा तिचा रास्त हेतू. पुढे २००० सालासाठी तिने 'सेरुलियन' हा आकाशी रंग 'वर्षाचा रंग' म्हणून घोषित केला आणि तेव्हापासून ही मालिका चालू आहे. २०२३ साठी 'विवा मजेंटा', २०२४ साठी 'पीच फझ', २०२५ साठी 'मोका मूस' आणि २०२६ साठी 'क्लाउड डान्सर' अशी अलीकडची नावे. यांतील शेवटचा रंग पांढरा आहे, आणि या मालिकेत पांढऱ्याची निवड प्रथमच झाली. भिंतीचे रंग बनविणाऱ्या कंपन्या आपापले रंग स्वतंत्रपणे सांगतात. २०२६ साठी शेरविन-विल्यम्सने 'युनिव्हर्सल खाकी' निवडला, तर ड्युलक्सने निळीच्या तीन छटांना मिळून 'रिदम ऑफ ब्लूज' असे नाव दिले. आपल्याकडे १९४२ साली मुंबईत स्थापन झालेली एशियन पेंट्स ही कंपनीही असा रंग जाहीर करते. २०२४ चा 'टेरा' होता, २०२५ चा 'कार्डिनल'.

यांतला कोणता रंग दिवाणखान्यात शोभेल याचा निवाडा गृहसजावटीच्या मासिकांनी करावा. आम्हांला कुतूहल आहे ते या नावांचे आणि नावांखाली येणाऱ्या परिच्छेदांचे. गेल्या पाव शतकात हा एक स्वतंत्र गद्यप्रकारच तयार झाला आहे असे म्हणता येईल. त्याची शब्दकळा ठरलेली आहे: शांतता, ऊब, आश्वासन, स्थैर्य, नवी सुरुवात. रंगाला त्यात भाव असतो, भूतकाळ क्वचितच असतो. साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक म्हणून आपण जाहिरातीची भाषा वाचतो, चित्रपटाची भाषा वाचतो. मग ज्या भिंतींच्या आत आपण राहतो त्यांच्या रंगांची भाषा वाचायची का सोडावी? आमचे म्हणणे थोडक्यात असे की, वर्षाचा रंग आपल्यापर्यंत येतो तो आठवणी पुसलेला रंग असतो. ती पुसलेली अक्षरे पुन्हा वाचायची तर आपल्या भाषेतील रंगवाचक शब्दांकडे जावे लागेल. तेथे जे सापडेल ते सगळेच सुखद असेल असे मात्र नाही.

पांढऱ्यापासूनच आरंभ करू. 'क्लाउड डान्सर'ची ओळख करून देताना गजबजाटापासून दूर नेणारी शांतता, मोकळा अवकाश, कोरे पान अशा अर्थाची भाषा वापरली गेली. अमेरिकेत यावर लगेच वाद झाला. तेथील वांशिक राजकारण तापलेले असताना पांढरा रंग वर्षाचा म्हणून घोषित करणे कितपत निरागस आहे, असे अनेकांनी विचारले. तो वाद त्यांचा. पण मराठीतला पांढरा तरी मुका आहे काय? गावाचे दोन भाग आपल्या भाषेने रंगांवरूनच केले: 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या माणसे राहिली, चुली पेटल्या, राख पडली, मातीची घरे उभी राहिली आणि खचली, की ती जागा पांढुरकी होते. जुन्या वसाहतींचा शोध घेणारे पुरातत्त्वज्ञ अशा पांढरीच्या टेकाडांकडे आशेने पाहतात ते यामुळेच. म्हणजे मराठीत पांढरा हा कोऱ्या पानाचा रंग नाही. माणसांच्या दीर्घ वास्तव्याचा आहे.

याच पांढऱ्याची दुसरी बाजू कठोर आहे. 'पांढरपेशा' या शब्दात अंगावरचे कपडे मळू न देता पोट भरता येणाऱ्यांचा वर्ग आहे, आणि ज्यांचे कपडे मळतात त्यांच्याशी राखलेले अंतरही आहे. 'पांढरे कपाळ' या शब्दप्रयोगात कुंकू पुसलेली स्त्री आहे. 'पांढऱ्या पायाची' या दूषणात घरात आलेल्या मुलीवर सगळ्या दुर्दैवाचे खापर फोडण्याची सोय आहे. वर्गात एखादी जुनी कादंबरी शिकवताना हे शब्द आले की आपण थांबतो, अर्थ सांगतो, पुढे जातो. पांढऱ्या भिंतीच्या खोलीत बसून ते सांगताना त्या भिंतीविषयी मात्र काही बोलत नाही.

आणि भिंत पांढरी होत असे तरी कशी? चुन्याची कळी पाण्यात टाकली की पाणी खदखदू लागे. तो चुना गाळून, त्यात चिकटपणासाठी सरस किंवा डिंक घालून कुंच्याने भिंतीवर ओढला जाई. ओला असताना तो निस्तेज दिसे. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होई आणि उजळे. तरीही त्यात किंचित पिवळेपणा उरे. तो जावा म्हणून चुन्यात थोडी नीळ टाकीत. पांढरा पांढरा दिसावा यासाठी त्यात निळा मिसळावा लागे, ही गोष्ट ज्याने एकदा तरी सफेदीची बादली ढवळली आहे त्याला ठाऊक असते. 'चुना लावणे' या क्रियेचा फसवणे हा अर्थ कसा रूढ झाला हे आम्ही कोशकारांवर सोपवतो. जाहिरातींच्या संदर्भात तो आठवतो, एवढेच.

त्या निळीकडे वळू. ड्युलक्सच्या तीन निळ्या छटांना संगीताची नावे आहेत. मंद लय, झोका, मुक्त ठेका अशा अर्थांची. इंग्रजी 'इंडिगो' हा शब्द मात्र ग्रीक 'इंडिकॉन'वरून, म्हणजे 'हिंदुस्थानातून आलेले' या अर्थाने, तयार झाला. रंगाच्या नावातच आपला देश आहे, आणि त्या देशात निळीचा इतिहास ठेक्याचा नसून ठेकेदारीचा आहे. बंगालमधील रयतेने १८५९-६० मध्ये नीळमळेवाल्यांविरुद्ध उठाव केला. दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे नाटक १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग यांना दंड आणि एक महिन्याचा कारावास झाला. १८७२ मध्ये कलकत्त्याच्या नॅशनल थिएटरचा पडदा याच नाटकाने उघडला. म्हणजे भारतीय आधुनिक रंगभूमीच्या आरंभीच्या इतिहासात एका रंगद्रव्याचा अन्याय उभा आहे. १८९७ नंतर जर्मनीतील कारखान्यांतून कृत्रिम नीळ बाजारात आली आणि नीळमळे ओसरू लागले. तरीही चंपारणच्या शेतकऱ्यांना १९१७ मध्ये लढा द्यावा लागला. वस्तू बदलली, शब्द टिकला. कपड्यांना देण्यासाठी दुकानात मिळणाऱ्या पुडीतल्या भुकटीला आपण आजही नीळ म्हणतो, पण तिचा त्या झुडपाशी काही संबंध उरलेला नाही.

महाराष्ट्रात निळ्याला आणखी एक अर्थ आहे आणि तो अजून ताजा आहे. कित्येक गावांत आणि शहरांच्या कित्येक वस्त्यांत निळी भिंत, निळी कमान, निळे दार दिसले की तेथे बाबासाहेबांना मानणारी माणसे राहतात हे कुणाला सांगावे लागत नाही. तो रंग तेथे मन शांत करण्यासाठी दिलेला नसतो. आपण येथे आहोत, आणि मान खाली घालून नाही, हे तो सांगतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कारखान्यात तयार झालेला, डब्यात मिळणारा स्वस्त रंग आला म्हणून हे विधान करणे सोपे झाले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पक्के घर बांधण्याचीच मुभा नव्हती, त्यांच्या हाती भिंत आणि रंग दोन्ही येणे ही लहान घटना नव्हे. जुन्या चुन्यामातीच्या रंगांविषयी गहिवरून लिहिणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीही, ती विसरता कामा नये.

'युनिव्हर्सल खाकी'ची कथा तर शब्दाच्या प्रवासाचीच आहे. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, माती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीने धुळीत मिसळून जाणारा गणवेश वापरायला सुरुवात केली आणि आपल्याकडचा हा शब्द इंग्रजीत गेला. मराठीत 'जळून खाक होणे' यात तो राखेपर्यंत पोचला. 'खाकी वर्दी' म्हटले की पोलीस आठवतो, आणि आमच्या पिढीला त्याबरोबर वह्यांची खाकी कव्हरे आणि शाळेची खाकी अर्धी चड्डीही आठवते. आता तोच रंग 'सार्वत्रिक' असे विशेषण लावून शहाण्या, तटस्थ, कशाशीही जुळवून घेणाऱ्या भिंतीचा रंग म्हणून पुढे येतो. हा रंग खरोखरच जगभर पसरला, पण तो कशाच्या अंगावर बसून पसरला हे त्या विशेषणात दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल की, रंगाच्या नावांत इतके शोधायचे कशाला? नावे विकण्यासाठी असतात. हे खरे आहे. पण विकण्यासाठी दिलेल्या नावांतही इतिहास दडून बसतो. 'मोका' हे येमेनमधील एका बंदराचे नाव. कॉफीच्या व्यापाराने ते जगभर नेले. 'मजेंटा' हे इटलीतील गावाचे नाव. १८५९ मध्ये तेथे लढाई झाली आणि नव्याने सापडलेल्या कृत्रिम रंगाला विजयाच्या आनंदात ते देण्यात आले. 'विवा मजेंटा'ची ओळख करून देताना पॅन्टोनने कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळणाऱ्या लाल रंगाचा उल्लेख केला होता. मराठीत त्या जातीच्या लालसाठी शब्द आहे: किरमिजी. तो अरबी-फारसीतून आला. त्याच्या मुळाशी किडा आहे, आणि फारसी 'किर्म' व संस्कृत 'कृमि' ही भावंडे आहेत. इंग्रजीतील 'क्रिम्झन' आणि 'कार्माइन' हीसुद्धा त्याच कुळातली. म्हणजे किरमिजी हा शब्द ज्याच्यापाशी आहे त्याला त्या परिच्छेदाची गरज नाही. शब्दातच सगळे आहे.

मराठीचे रंगवाचक शब्द बहुतेक असेच वस्तूंपासून आलेले आहेत. आमसुली, डाळिंबी, अंजिरी, वांगी, लिंबोणी, बदामी, मोतिया, अबोली, मोरपंखी, पोपटी, शेंदरी, गव्हाळ, राखी, तपकिरी. १९६९ मध्ये ब्रेंट बर्लिन आणि पॉल के यांनी जगातील भाषांमधल्या मूलभूत रंगसंज्ञांविषयीचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्यात मूलभूत संज्ञा निवडताना वस्तूंच्या नावांवरून आलेले शब्द त्यांनी शक्यतो बाजूला ठेवले. त्यांच्या कामासाठी ते योग्यही असेल. पण साहित्याच्या अंगाने पाहिले तर नेमके हे बाजूला पडलेले शब्दच मोलाचे आहेत, कारण त्यांत रंगाबरोबर चव, वास, ऋतू आणि प्रदेश येतो. बालकवींची 'औदुंबर' शिकवताना आपण आठ ओळींत किती रंग आहेत ते विद्यार्थ्यांना मोजायला लावतो. तो तास संपल्यावर त्याच विद्यार्थ्यांना वर्गाच्या भिंतीचा रंग मराठीत विचारावा. बहुतेक उत्तर 'क्रीम' असे येईल, आणि दोष त्यांचा नसेल.

हा अनुभव आम्ही स्वतः घेतला आहे. आमचे वाचनमंडळ ज्या खोलीत भरते तिच्या भिंतींचे पोपडे निघू लागले, तेव्हा ती रंगवायचे ठरले. एक भिंत आमसुली असावी अशी सूचना आली आणि सर्वांना पसंत पडली. मग वाद सुरू झाला. कोकणातून आलेल्या मित्राला आमसूल म्हणजे उन्हात वाळून जवळजवळ काळे पडलेले कोकम अभिप्रेत होते. नागपूरच्या मैत्रिणीने आमसुली रंग साडीच्या दुकानातच पाहिलेला. तिचा आमसुली बराच लालसर. तिसऱ्याच्या मनात कोकमाचे सरबत होते. रंगाच्या दुकानात गेलो तर शेडकार्डावर शेकडो छटा, सगळी नावे इंग्रजी. दुकानदाराला आमसुली कळले. पण यंत्राला कळणार नव्हते, हे त्याने नम्रपणे सांगितले. डब्यातल्या पांढऱ्या बेसमध्ये कोणता रंग किती थेंब पडायचा हे यंत्र क्रमांकावरून ठरवते. आणि पेंटर, जो बिहारमधून आला होता, त्याला इंग्रजी नाव नको होते की मराठी. तो म्हणाला, "नंबर बताइए."

त्या क्षणी आम्हांला जाणवले की येथे हार झाली ती मराठीची इंग्रजीकडून नव्हे. इंग्रजी नावही केवळ गिऱ्हाइकासाठी असते. ज्याचे हात प्रत्यक्ष भिंतीला लागतात त्याच्यापर्यंत फक्त क्रमांक पोचतो. आमसुली या शब्दावर आम्ही तिघे भांडू शकलो. क्रमांकावर भांडता येत नाही. क्रमांकाची अचूकता छापखान्याला आणि यंत्राला हवीच असते. पण भाषेला भांडणाचीही गरज असते, कारण त्या भांडणातच कोकण, नागपूर आणि सरबताचा पेला एका खोलीत आले होते.

येथे परकीयांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण प्रामाणिक नाही. नवरात्रातील नऊ दिवसांचे नऊ रंग ही आज परंपरा वाटते. ती गेल्या दोन दशकांत वृत्तपत्रांनी घडवली, आणि लोकलच्या डब्यांतून, कार्यालयांतून ती पाहता पाहता पसरली. आपल्यालाही रंगाचे वेळापत्रक आवडते. एका दिवशी सगळ्या बायका एकाच रंगात दिसतात यातील आनंद खोटा नाही. साड्यांच्या दुकानांत चिंतामणी, रामा, मोरपंखी हे शब्द अजून व्यवहारात आहेत, आणि ते टिकवण्याचे श्रेय कोणत्याही भाषासंस्थेपेक्षा साडी उलगडून पाहणाऱ्या बायकांना अधिक आहे. अंगावरच्या रंगाला मराठी नाव राहिले, भिंतीवरच्या रंगाचे गेले. साडी बाईने निवडायची आणि भिंतीचा खर्च पुरुषाने ठरवायचा, या विभागणीचा यात काही हात असावा अशी आम्हांला शंका आहे.

मग करावे काय? वर्षाच्या रंगावर बहिष्कार घालावा असे आम्ही सुचवत नाही. ज्याला ढगासारखी पांढरी भिंत हवी त्याने ती जरूर रंगवावी. शेडकार्डावरील नावांची शब्दशः भाषांतरे करावीत असेही नाही. 'मेघनर्तक' असे लिहून मराठीचे काही भले होणार नाही. आमची सूचना अध्यापकांना आहे आणि ती अगदी लहान आहे. एखाद्या सत्रात विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील एकाच भिंतीविषयी लिहायला सांगावे. तिच्यावर आधी कोणते रंग होते, ते कोणी दिले, कोणत्या प्रसंगाने दिले, घरातली माणसे त्या रंगाला काय म्हणत. आजीला विचारावे, आणि रंगकाम करणाऱ्यालाही विचारावे. ज्यांच्या घराला रंग कधी लागलाच नाही तेही लिहितील, आणि बहुधा तेच अधिक महत्त्वाचे असेल. अशा पन्नास वह्या जमल्या तर जो शब्दसंग्रह हाती येईल तो कोणत्याही कोशात एकत्र सापडणार नाही.

आमच्या खोलीची भिंत पेंटरने आधी खरवडली. वरचे इमल्शन निघाले, त्याखाली फिकट हिरवे डिस्टेंपर, खालच्या भागात कमरेएवढा ऑइल पेंटचा तपकिरी पट्टा, आणि सर्वांत आत चुना. त्यात निळीची झाक अजून दिसत होती. पेंटरने त्यावर लांबी भरली, घासली आणि रंगाचे दोन हात मारले. पुढच्या वेळी तोच रंग मिळावा म्हणून दाराच्या मागे त्याने पेन्सिलीने क्रमांक लिहून ठेवला आहे. आमच्यापैकी एकाने त्याखाली 'आमसुली' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढले. ते तसेच ठेवायचे, असे मंडळाने ठरवले आहे.